पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिलीत
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोल." मी म्हटलं, त्यावर रोज ऑफिसात बोलते, इथे तरी सुटका करा. मग म्हणाले, "बरं, तुला हवं त्यावर बोल, पण वीस मिनिटांच्या वर नको. जेवण गरम आहे." तेव्हा जेवणाचा मान राखून बोलते. मी बोलणार आहे गेल्या वर्षी मी विद्यार्थिनी झाले त्याबद्दल. आणि शेवटी आपल्या वर्गाबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, ती तीस वर्षं राहून गेली आहे.

बोलोन्या नावाचं शहर आहे इटलीत. त्या भागात पॅकिंगची यंत्रं बनवणारे बरेच कारखाने आहेत. गोळ्यांची पाकिटं, चहाच्या पुड्या, बिस्किटांचे पुडे भरणारी यंत्रं. त्यातल्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर आमची टीम पुण्यात बसून सांभाळते. मीटिंग इंग्रजीतून चालते. पण काही अडलं की ती मंडळी आपापसात इटालियनमध्ये सुरू होतात, हात हलवत, पाच-पाच मिनिटं. आम्ही स्क्रीनकडे बघत बसायचो. मग त्यातला एक जण वळून म्हणायचा, "ओके, नो प्रॉब्लेम." पाच मिनिटांच्या भांडणाचं हे भाषांतर! दहा वर्षं हे ऐकल्यावर मी ठरवलं, यांचं काय चाललंय ते कळायला पाहिजे.

मोबाइलवर शिकून पाहिलं. शब्द पाठ झाले, बोलता काही येईना. शेवटी साठलेली रजा आणि थोडी बिनपगारी अशी मिळून तीन महिन्यांची सुट्टी काढली आणि पेरूजाला गेले. घरच्यांनी विचारलं, "उपयोग काय?" माझ्या सासूबाईंनीच उत्तर दिलं, "सगळं आयुष्य उपयोगाचंच केलं तिनं, जाऊ दे." त्यांचे आभार इथे जाहीरपणे मानते.

पेरूजा हे मध्य इटलीतलं डोंगरावरचं गाव. उंब्रिया प्रांताची राजधानी. आपल्या सोलापूरच्या सपाटीवर वाढलेल्या पायांना तिथले चढ म्हणजे शिक्षाच. बरं, तिथल्या लोकांनी जुन्या किल्ल्याच्या पोटातून चक्क सरकते जिने नेलेत गावात. तिथे परदेशी लोकांना इटालियन शिकवण्यासाठीच एक विद्यापीठ आहे. १९२१ मध्ये तिथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी वर्ग सुरू झाले आणि १९२५ मध्ये त्याचं विद्यापीठ झालं. म्हणजे शंभर वर्षं तिथले शिक्षक जगभरच्या लोकांना "माझं नाव अमुक, मी तमुक देशातून आले" हेच वाक्य शिकवत आलेत. त्यांच्या सहनशक्तीला नमस्कार. विद्यापीठ एका जुन्या वाड्यात भरतं आणि समोर इट्रस्कन लोकांनी बांधलेली वेस उभी आहे, दोन हजार वर्षांहून जुनी. तिच्याखालून आजही रहदारी चालते.

पहिल्या दिवशी परीक्षा घेऊन आम्हाला वर्ग दिले. मी मोबाइलवर वर्षभर शिकले होते, त्यामुळे मला वाटत होतं, दुसरीत तरी घेतील. घेतलं पहिलीत. 'ए१' म्हणतात त्याला, अगदी तळाचा वर्ग. वर्गात सहा-सात चिनी मुलं-मुली, व्हिएतनामच्या एक नन, ब्राझीलचा एक मुलगा, तुर्कस्तानची एक वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी, आणि मी. नन सोडल्या तर बाकीच्यांची मी आई शोभले असते.

बाई आल्या आणि पहिल्या मिनिटापासून इटालियनच बोलू लागल्या. इंग्रजीचा एक शब्द नाही. मला आधी राग आला. नंतर कळलं, चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि ननना फ्रेंच येत होतं. वर्गात सगळ्यांची मिळून एकच सामाईक भाषा होती, ती म्हणजे जी कोणालाच येत नव्हती ती.

वय सांगायचा धडा होता. इटालियनमध्ये "मी पंचेचाळीस वर्षांची आहे" असं म्हणत नाहीत, "माझ्याकडे पंचेचाळीस वर्षं आहेत" असं म्हणतात. 'वर्षं' म्हणजे 'आन्नी', जोडाक्षर. मी घाईत एकच न उच्चारला. ब्राझीलचा मुलगा टेबलाखाली गेला. एका न चा अर्थ काय होतो ते मी इथे सांगणार नाही, आपल्या बाई पुढच्याच रांगेत बसल्यात. एवढंच सांगते, शरीराचा एक भाग आहे आणि तो माझ्याकडे पंचेचाळीस आहेत असं मी म्हणाले.

त्या रात्री मला वाटलं, परत जावं. पण दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की हे आपल्याला येतंच की. आपण 'पता' आणि 'पत्ता', 'कला' आणि 'कल्ला' यांत घोटाळा करतो का? त्यांच्याकडे 'पेना' म्हणजे दुःख आणि 'पेन्ना' म्हणजे लेखणी. 'काझा' म्हणजे घर आणि 'कास्सा' म्हणजे दुकानातला गल्ला. हा फरक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाला लवकर कळत नाही, आपल्याला कळतो. फक्त मी इटालियनकडे इंग्रजीच्या खिडकीतून बघत होते. ज्या दिवशी ती खिडकी सोडली आणि मराठीच्या दारातून आत गेले, त्या दिवसापासून घर ओळखीचं वाटायला लागलं.

बघा ना. 'पित्सा'मधला उच्चार आपल्याला शिकावा लागत नाही, 'चमचा'मधला च तोच आहे. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. "मला कॉफी आवडते" हे ते आपल्यासारखंच म्हणतात. 'मी प्याचे'. यातला 'मी' म्हणजे आपलं 'मला'. एक वस्तू आवडली तर 'प्याचे', अनेक आवडल्या तर 'प्याच्चोनो', जसं आपण 'पुस्तक आवडतं', 'पुस्तकं आवडतात' म्हणतो. इंग्रजीतून येणारा माणूस इथे अडखळतो, कारण त्याच्याकडे 'मी' आवडवतो. आपल्याकडे आणि त्यांच्याकडे वस्तू आपल्याला आवडून घेते.

'मी गेले' आणि 'मी गेलो' हा फरक त्यांच्याकडेही आहे. मी म्हणायचं 'सोनो आन्दाता', ब्राझीलच्या मुलानं म्हणायचं 'सोनो आन्दातो'. आणि सगळ्यात गंमत पुढे आली. वस्तूचं नाव आधी येऊन गेलं असेल, तर भूतकाळातलं क्रियापद त्या वस्तूप्रमाणे बदलतं. पित्सा स्त्रीलिंगी. पित्साचं काय झालं? 'लो मांजाता', मी खाल्ली. जेलातो, म्हणजे आइस्क्रीम, पुल्लिंगी. त्याचं काय झालं? 'लो मांजातो', मी खाल्ला. पोळी खाल्ली, आंबा खाल्ला! बाईंनी फळ्यावर हा नियम लिहिला तेव्हा वर्गानं सुस्कारा सोडला, आणि मी एकटी हसत होते. कर्मणी प्रयोग! आठवीत मराठीच्या बाईंनी माझ्याकडून वीस वेळा लिहून घेतला होता. बाई, ती वही वाया गेली नाही.

तिथल्या चौकात एक मोठं कारंजं आहे, १२७५ ते १२७८ या काळात बांधलेलं. ते बघताना मी मनात हिशेब केला, ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा मानतात. इटालियनचा महाकवी दान्ते १२६५ मध्ये जन्मला. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९० ची. दान्तेचं मोठं काव्य त्यानंतर काही वर्षांनी आलं. विद्वानांची भाषा तिकडे लॅटिन, इकडे संस्कृत. आणि दोघांनी लिहिलं ते बाजारात, घरात बोलतात त्या भाषेत. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. मला त्या थंडीत कारंज्यापाशी उगीचच घरी आल्यासारखं वाटलं. मग पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि घर लांब असल्याचं कळलं. उंब्रियातला पाव बिनमिठाचा असतो.

सगळंच सोपं होतं असं नाही. लिंगांनी छळलं. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोन, म्हणजे सोपं व्हायला हवं. पण आपलं दूध नपुसकलिंगी, त्यांचं पुल्लिंगी. आपला चंद्र तो, त्यांची ती. शेवटी 'आ' असेल तर स्त्रीलिंगी आणि 'ओ' असेल तर पुल्लिंगी हा नियम पाठ करावा, तर 'प्रोब्लेमा' आ-कारान्त असून पुल्लिंगी. आणि हात, 'मानो', ओ-कारान्त असून स्त्रीलिंगी. चिनी मुलांच्या भाषेत नामांना लिंगच नाही. त्यांची तर रोज परीक्षा. माझ्या शेजारी बसणारी मुलगी गणितात हुशार, कागदावर सगळं बरोबर लिहायची आणि तोंड उघडायला घाबरायची. ब्राझीलचा मुलगा काही न वाचता घडाघडा बोलायचा, कारण पोर्तुगीज आणि इटालियन बहिणी-बहिणी. महिनाभर बघून माझ्या लक्षात आलं की वर्गात कोण हुशार आणि कोण ढ, हे पुष्कळदा डोक्यावर नसतं. तो घरून कोणती भाषा घेऊन आलाय, त्यावर असतं.

आता ज्यासाठी मी उभी आहे त्याकडे येते.

एका सकाळी मोकावर कॉफी करताना माझा हात भाजला. मोका म्हणजे त्यांची गॅसवर ठेवायची कॉफीची किटली. पट्टी बांधून वर्गात गेले. बाईंनी विचारलं, काय झालं? मी मोठ्या मेहनतीनं वाक्य जुळवलं, माझा हात भाजला. पण हात त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, आणि मी म्हणाले 'मिओ मानो'. म्हणायला हवं होतं 'मिया'. आपल्याकडे 'माझी हात' म्हटल्यावर कानाला जसं लागेल, तसंच त्यांना लागलं असणार. शिवाय त्यांच्याकडे अशा वेळी 'माझा' म्हणतच नाहीत. एका वाक्यात दोन-तीन चुका होत्या.

बाई हसल्या नाहीत. "चूक" असंही म्हणाल्या नाहीत. जवळ आल्या, पट्टीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ती सेइ ब्रुचाता ला मानो? फा माले?" म्हणजे, हात भाजलास? दुखतंय का?

माझं वाक्य त्यांनी दुरुस्त करून मला परत दिलं होतं, पण प्रश्न विचारला तो हाताबद्दल. मी उत्तर दिलं, "सी, ला मानो... फा माले." बरोबर आलं. आणि खाली बसल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या चिनी मुलीला वाटलं हात दुखतोय. तिनं पर्समधून मलम काढून दिलं. मला काय आठवलं, ते तिला सांगण्याएवढं इटालियन मला येत नव्हतं. ते तुम्हाला सांगते.

आपण पाचवीत असताना आपल्या वर्गात पूर्व भागातून एक मुलगी आली. घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. त्या भागातली मुलं आपल्या शाळेत तेव्हा कमीच होती. ती माझ्या बाकावर बसायची. सहावीत 'माझे घर' या विषयावर तोंडी बोलायचं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझा आई पहाटे उठतो."

सगळा वर्ग हसला. बाईंनी आपल्याला दटावलं, पण दटावल्यावर हसू आणखी दाबून येतं. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं, 'माझा आई'. मधल्या सुट्टीत, मैदानावर, सहलीच्या बसमध्येसुद्धा. तुमच्यापैकी काही जण आता खाली बघताहेत. मीही तीस वर्षं खालीच बघत होते. पहाटे उठून तिची आई काय करते, हे वाक्य तिनं कधी पूर्ण केलं नाही, आणि आपण कोणी विचारलं नाही.

पुढे इंजिनिअरिंगला पुण्यात गेल्यावर माझ्या इंग्रजीला मुलं हसली, आणि माझ्या तोंडून सोलापुरी 'बे' निघाला की माझ्या मराठीलाही हसली. पहिलं वर्षभर मी वर्गात गप्प होते. तेव्हा मला स्वतःची फार दया आली. पण तिची आठवण नाही आली. म्हणजे आपल्यावर वेळ आली की माणूस आपोआप शहाणा होतो असं काही नाही. मला ते कळायला हात भाजावा लागला.

परत आल्यावर या मेळाव्याच्या ग्रुपवरून तिचा नंबर मिळाला. आठ दिवस फोन केला नाही. मग केला. मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तू हसत नव्हतीस गं. मला आठवतंय. तू वही बघत बसायचीस." मला क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पण बोलतही नव्हतीस. एकाच बाकावर होतो आपण."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

ती पुढे म्हणाली, "त्यानंतर दहावीपर्यंत मी वर्गात स्वतःहून हात वर केला नाही. उत्तरं यायची मला." मित्रांनो, सहावी ते दहावी. पाच वर्षं. आपण एका वाक्यावर दोन मिनिटं हसलो, आणि वर्गानं तिची पाच वर्षांची उत्तरं गमावली.

मग ती मला विचारू लागली, इटालियनमध्ये काय-काय अवघड आहे. मी 'मिओ' आणि 'मिया' सांगितलं. ती एकदम हसली. म्हणाली, "अगं, आमच्याकडे 'मा अम्मा', 'मा नान्ना'. आई असो की वडील, 'मा' बदलतच नाही. माझा कुठे आणि माझी कुठे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळे हसले तेव्हा मला वाटलं, माझ्या आईला हसताहेत."

हे मी तीस वर्षं ऐकलं नव्हतं. सहावीच्या मुलीला वाटत होतं की वर्ग तिच्या आईला हसतोय. व्याकरणाची चूक आहे हे तिला नंतर कधीतरी कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

तिची परवानगी घेऊनच मी हे बोलतेय. तिनं सांगितलं, "नाव घेऊ नकोस, पण सांग. आणि रडू नकोस, फोटो खराब येतात." म्हणून रडत नाही. ती आज चार भाषांतून सहज व्यवहार करते, आणि तिच्या मराठीत लिंगाची चूक मला तरी सापडली नाही. माझ्या सापडतील.

आता एक विनंती. मुख्याध्यापकांशी मी काल बोलले. आज आपल्या शाळेत तेलुगू आणि कन्नड घरांतली मुलं आहेतच, शिवाय उत्तरेकडून कामासाठी आलेल्या कुटुंबांतलीही मुलं आहेत. आपल्या तुकडीतर्फे आपण शाळेला वॉटर कूलर देतोय, ते चांगलंच आहे. त्याबरोबर आणखी एक करू या. आपल्यातले जे सोलापुरात आहेत, त्यांनी आळीपाळीनं शनिवारी एक तास या मुलांबरोबर बसायचं. शिकवायचं नाही, फक्त गप्पा मारायच्या. मूल "माझा आई पहाटे उठतो" म्हणालं, तर "असं का? तुझी आई पहाटे उठते? मग काय करते?" एवढंच विचारायचं. दुरुस्ती त्यातच होऊन जाते, आणि मुलाचं वाक्यही पुरं होतं. मी पुण्यात असते, पण महिन्यातला एक शनिवार माझा. वही मागे टेबलावर ठेवली आहे, नावं लिहा.

माझ्या इटालियनचं काय झालं, असं कोणी विचारेल म्हणून सांगते. परीक्षा पास झाले. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये ती मंडळी पुन्हा आपापसात भांडायला लागली आणि मला निम्मं कळलं. मी मधेच इटालियनमध्ये म्हणाले, "चूक आमच्या बाजूची आहे, आम्ही दुरुस्त करतो." सगळे गप्प झाले. मग त्यांच्यातला सर्वांत वयस्कर इंजिनिअर अगदी सावकाश, एक-एक शब्द सुटा करून, माझ्याशी इटालियनमध्ये बोलला. माझ्या वाक्यात चूक होती. त्यानं उत्तर देताना ती सुधारली आणि यंत्राबद्दल बोलला.

फोन ठेवताना माझ्या मैत्रिणीनं विचारलं होतं, "मग इटालियनमध्ये माझी आई कसं म्हणतात?"

मी म्हटलं, "मिया माद्रे."

तिनं दोनदा म्हणून बघितलं. मग मी तिला विचारलं, "तुझी आई पहाटे उठून काय करायची गं?"

ती अर्धा तास बोलली.

जेवण गरम आहे, चला.